फणसाडचं शेकरू आणि मुरूडच्या पाण्यातली ठिणगी : एकाच दिवशी दोघं भेटली, तुलना करू या का?

आगरवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या डिसेंबरच्या अमावास्येला आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक, सकाळी सातला सुपेगावातून फणसाडच्या जंगलात शिरलो आणि रात्री नऊला मुरूडच्या पुळणीवर गुडघाभर पाण्यात उभे होतो. त्या एका दिवसात दोन जीव भेटले आणि तेव्हापासून दोघंही डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा.

पहिलं शेकरू. चिखलगाणीच्या वाटेवर आधी फक्त आवाज आला, कोरडा, भराभर, खुळखुळा हलवल्यासारखा. मग वरून अर्धं खाल्लेलं उंबर पायाशी पडलं. मान वर केली तर पंधरा-वीस हातांवर ते मागच्या दोन पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं. पुढच्या दोन हातांत एक उंबर, आणि आपण लाडू फिरवत खातो तसं फिरवून-फिरवून खाणं चाललेलं. तांबूस तपकिरी पाठ, फिकट पोट, आणि अंगाहूनही लांब शेपूट सरळ खाली सोडलेली, फांदीच्या दुसऱ्या अंगाला वजन द्यावं तशी. आम्ही दिसलो तेव्हा ते पळालं नाही. आधी फांदीला चिकटून निपचित झालं, मग एका झेपेत पलीकडच्या ऐनावर. पाच-सहा मीटरचं अंतर सहज असेल. जमिनीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसरा जीव रात्री भेटला. भरती चढत होती. लाट फुटली की तिच्या कडेने निळसर रेघ धावायची आणि विझायची. लेकीने हात पाण्यात घालून वर काढला तर मनगटावरच्या लवेत तीन ठिपके लखलखले. एक, दोन, तीन, आणि अंधार. तिने पुन्हा हात बुडवला. पुन्हा ठिपके. ही नॉक्टिलुका. एका पेशीचा जीव, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. समुद्राच्या पाण्यावर तरंगणाऱ्या प्लवकांपैकी.

गाडीत बसल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, सकाळच्या शेकरूला आई असेल. ह्या ठिपक्यांची आई कुठे असते?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो आणि लक्षात आलं की ह्या दोघांना शेजारी ठेवलं की दोघंही जास्त कळतात. काही गोष्टी मांडतो, बाकी तुम्ही सांगा.

शेकरूचं वजन दीड ते दोन किलो. माणसाच्या अंगात तीस लाख कोटींच्या आसपास पेशी असतात असा अंदाज आहे. त्या हिशेबाने शेकरूतही लाख कोटीच्या घरात असणार. त्यातली एकही पेशी एकटी उंबरावर जगू शकत नाही. दातांची पेशी पचवत नाही, पोटाची बघत नाही. नॉक्टिलुकाला मात्र सगळं एकाच पेशीत करायचं आहे. पकडायचं, गिळायचं, पचवायचं, तरंगायचं, घाबरायचं, उजळायचं आणि वाढायचंही. तिला सोंडेसारखं एक शुंडक असतं, त्याला चिकटून आलेलं भक्ष्य ती आत ओढून घेते. सूक्ष्म शैवाल तर खातेच, पण माशांची अंडीसुद्धा. शेकरूही संधी मिळाली तर पाखरांची अंडी सोडत नाही, हे वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो होतो.

आणि दोघांनाही तळ नको आहे. शेकरू जन्मभर शेंड्यावरून शेंड्यावर, नॉक्टिलुका जन्मभर पाण्याच्या वरच्या थरात. एकाला शेपूट आणि नख्या सांभाळतात. दुसरीच्या पोटातलं पाणी समुद्राच्या पाण्याहून हलकं असतं. त्या पाण्यात अमोनियमचे आयन साठवलेले असतात, म्हणून ती वर राहते. पोहता तिला जवळजवळ येतच नाही.

---

नाचणी

सुंदर धागा. मनगटावरच्या तीन ठिपक्यांशी येऊन थांबले. वाचतेय.

---

सरळरेघ

आगरवाट, लेखन आवडलं, पण एक शंका मनापासून मांडतो. तुलनेला काहीतरी समान पाया लागतो. खार आणि शेकरू, शेकरू आणि वानर, इथपर्यंत समजतं. शेकरू सस्तन प्राणी आहे, नॉक्टिलुका तर प्राणीही नाही आणि वनस्पतीही नाही, ती डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय जीवांच्या एका वेगळ्याच गटातली. दोघं अंडी खातात, दोघं तळ टाळतात, ह्या योगायोगाच्या गोष्टी झाल्या. अशा जुळवाजुळवीतून मुलांच्या मनात चुकीचं नातं पक्कं होतं. मी शिकवण्या घेतो, म्हणून ही काळजी वाटते.

---

पेशीपुराण

सरळरेघ यांची काळजी रास्त आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि वरवरच्या साम्यांनी मुलं कशी फसतात हे दरवर्षी बघते. शेकरूची शेपूट आणि नॉक्टिलुकाचं शुंडक ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ह्या दोघांत योगायोगाच्या पलीकडचा पायाही आहे आणि तो फार खोल आहे.

दोघंही दृश्यकेंद्रकी. शेकरूच्या यकृतातली पेशी घ्या आणि नॉक्टिलुका घ्या. दोन्हीकडे केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, आतला सांगाडा त्याच जातीच्या प्रथिनांच्या धाग्यांचा आहे. दीडशे कोटी वर्षांपेक्षाही मागे कुठेतरी दोघांचा पूर्वज एक होता. नातं दूरचं आहे, पण खरं आहे.

आता मला जी गोष्ट वर्गात सांगताना दरवेळी नव्याने आनंद होतो, ती सांगते. आगरवाट, तुम्ही दोन क्षण लिहिलेत. शेकरू तुम्हाला बघून ओरडलं, आणि लेकीचा हात लागल्यावर ठिपका लखलखला. ह्या दोन्ही क्षणांच्या मुळाशी वीज आहे.

शेकरूच्या डोळ्यावर तुमची आकृती पडली, तिथून चेतातंतूंवरून विजेचा स्पंद मेंदूकडे गेला, तिथून घशाच्या आणि छातीच्या स्नायूंकडे. हा स्पंद म्हणजे पेशीपटलाच्या आत-बाहेरचा विद्युत्‌भार क्षणभर उलटणं. नॉक्टिलुकाला मेंदू नाही, चेतातंतू नाहीत. पण तिच्या आत एक भलीमोठी रिक्तिका आहे, पाण्याने भरलेली. खरं तर ती बहुतेक रिक्तिकाच आहे. पेशीद्रव्य एका बाजूला गोळा झालेलं असतं आणि तिथून त्याचे बारीक धागे सगळीकडे पसरलेले असतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. पाण्याच्या घुसळणीने पेशीपटल दाबलं गेलं की आत कॅल्शियम सुटतं आणि रिक्तिकेच्या पटलावरून विजेचा स्पंद धावतो. रॉजर एकर्ट यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्म विद्युदग्रं ह्याच पेशीत खुपसून तो स्पंद मोजला होता. रिक्तिकेतलं पाणी आम्लधर्मी असतं. स्पंद आला की त्यातले हायड्रोजनचे आयन पटलाला लागून असलेल्या हजारो सूक्ष्म पुटकुळ्यांत शिरतात. त्यांना सिंटिलॉन म्हणतात. तिथलं आम्ल वाढलं की ल्युसिफरेज नावाचं विकर जागं होतं, ल्युसिफेरिन ह्या प्रकाश देणाऱ्या द्रव्याचं ऑक्सिडीकरण होतं, आणि निळा प्रकाश. सगळं मिळून सेकंदाचा साधारण दहावा भाग.

म्हणजे शेकरूने जे काम कोट्यवधी पेशींत वाटून दिलं आहे, ते ही एकटी पेशी एका पटलावर उरकते. मेंदू नंतर आले. पटलावरून वीज धाडण्याची युक्ती मात्र एकेकट्या पेशींकडेही आहे.

एक अजून. तुमच्या लेकीने हात पुन्हापुन्हा बुडवला तेव्हा ठिपके हळूहळू मंद झाले का? एकच पेशी पुन्हापुन्हा डिवचली तर तिची चमक कमी होत जाते, पुन्हा भरून यायला वेळ लागतो.

---

आगरवाट

पेशीपुराण ताई, अगदी तसंच झालं होतं! मी बाटलीत थोडं पाणी घेतलं होतं. पहिल्या हिसक्याला बाटली उजळली, चौथ्या-पाचव्याला जेमतेम. मला वाटलं मेल्या. सकाळपर्यंत बाटली स्वयंपाकघरात गार जागी ठेवली आणि पहाटे अंधारात हलवली तर पुन्हा उजळली.

एक विचारायचं आहे. शेकरू ओरडतं ते इतरांना सावध करायला, किंवा शिकाऱ्याला "तू दिसलास" हे कळवायला. नॉक्टिलुका उजळते ती कशाला? अंधारात उजेड करणं म्हणजे स्वतःहून जागा दाखवणंच की.

---

पेशीपुराण

त्याचं सर्वांत मान्य स्पष्टीकरण ऐकाल तर शेकरूच जवळ येईल. नॉक्टिलुकाला खायला येणारे बारीक कवचधारी जीव असतात, कोपेपॉड. त्यांनी धक्का दिला की ती उजळते. एक तर ते दचकून मागे सरतात. दुसरं म्हणजे त्या उजेडात तेच जीव माशांना दिसतात. घरात चोर शिरल्यावर आपण दिवा लावून आरडाओरडा करतो, तसं. हाताने मारता येत नसेल तर चोर उजेडात आणायचा.

शेकरूही गरुड किंवा बिबट्या दिसला की आधी थिजतं आणि मग रान डोक्यावर घेतं. साधनं वेगळी, पण दुबळ्याने बलवानाला उघडं पाडायचं, ही रीत तीच.

---

खाडीतोंड

मी मुरूडकडचाच, घरची मासेमारी. आम्हाला ही चमक लहानपणापासून ठाऊक. पुस्तकात नाव काय आहे ते इथे कळलं. आमच्याकडे सरळ म्हणतात, "पाणी पेटलंय."

आजोबा तांडेल होते. ते सांगत, पाणी पेटलं की मासा दिसतो आणि माशालाही जाळं दिसतं. काळोख्या रात्री बांगड्याचा किंवा तारलीचा थवा पाण्याखालून गेला की आख्खा उजेडाचा गोळा सरकताना दिसतो. जुनी माणसं त्यावरून थवा केवढा, कुठल्या दिशेला चाललाय हे ओळखायची. थवा घाबरला की तो गोळा एकदम फुटतो. पण तेच जाळं पाण्यात पडलं की प्रत्येक धागा उजळतो आणि मासा बाजूने निघून जातो. त्यामुळे चमक जास्त असली की आजोबा कधी खूश, कधी नाराज.

आता मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी चमक दिसली की गंमत वाटायची. हल्ली फोटो काढायला मुंबई-पुण्याची गर्दी होते, त्यांना फार आनंद होतो, आणि मला मनातून धास्ती वाटते. पाण्याला कधीकधी दिवसा गुलाबट-तांबडा तवंग असतो, टोमॅटोच्या सारासारखा, उग्र वास येतो. त्या दिवसांत किनाऱ्याजवळ जाळ्यात काही लागत नाही. ही तीच का?

---

मस्कतहून

खाडीतोंड दादा, तीच. तिची दोन रूपं आहेत. तुम्ही पाहिलं ते तांबडं. आमच्याकडे ओमानच्या किनाऱ्याला दर हिवाळ्यात हिरवं येतं. मी इथे अकरा वर्षं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बंदरातलं पाणी पालक उकळून गाळल्यासारखं होतं. दाट, हिरवंगार, काठावर फेस. रात्री त्याच पाण्यातून बोट गेली की मागे निळा नांगर चालल्यासारखी सरी उमटते. इथे पिण्याचं पाणी समुद्रातूनच गोड करून घेतात. असा बहर दाट झाला की पाणी ओढणाऱ्या गाळण्या तुंबायची भीती असते.

हिरवा रंग तिचा स्वतःचा नाही. तिच्या रिक्तिकेत हजारो बारीक हिरव्या शैवालपेशी राहतात, स्वतंत्र पोहत असतात. त्या उन्हात अन्न करतात, ती त्यांना आसरा आणि अमोनिया देते. म्हणजे बाहेरून पकडून खायचं आणि आत शेतीही करायची. शेकरूला हे जमत नाही, त्याला रोज उंबरापर्यंत जावंच लागतं.

---

पेशीपुराण

मस्कतहून यांनी नेमकं सांगितलं. त्यात भर घालते, कारण हा भाग आपल्या समुद्राचा आहे.

उत्तर अरबी समुद्रात पूर्वी हिवाळ्यात बहर यायचा तो मुख्यतः डायटमांचा, म्हणजे एका जातीच्या सूक्ष्म शैवालांचा. डायटमांना कोपेपॉड खातात, कोपेपॉडांना मासे खातात, अशी ती साखळी. २००० नंतर ती जागा हिरव्या नॉक्टिलुकाने घ्यायला सुरुवात केली. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या सागरशास्त्रज्ञांनी ह्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २०१४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये त्यांच्या गटाने मांडलं की कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतंय आणि अशा पाण्यात आतल्या शैवालासकट नॉक्टिलुका डायटमांना मागे टाकते. २०२० मध्ये त्यांनी हिमालय-तिबेटवरचा बर्फ कमी होण्याशी हे जोडलं. तिकडून येणारे हिवाळी वारे पुरेसे गार आणि कोरडे राहिले नाहीत की समुद्राचा वरचा थर नीट घुसळला जात नाही आणि खालचं खत वर येत नाही.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. हैदराबादच्या इन्कॉईस ह्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्य अरबी समुद्रातल्या अशा बहरांच्या नोंदी मांडल्या ज्यांचा कमी ऑक्सिजनशी संबंध आढळला नाही. कारणांबद्दल मतभेद आहेत, पण बहर येतोय ह्याबद्दल नाहीत.

दाट बहराच्या दिवसांत मासे का लागत नाहीत, ह्याचं उत्तर ह्यातच आहे. नॉक्टिलुका खायला जेलीफिश आणि साल्प नावाचे जेलीसारखे मऊ जीव पुढे येतात, आपल्या ताटातले मासे नाहीत. शिवाय बहर मरून कुजला की अमोनिया सुटतो आणि पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

---

घाटमाथा

मी भीमाशंकरच्या बाजूचा. वनखात्याबरोबर शेकरूची घरटी मोजायला काही वर्षं गेलो आहे, म्हणून शेकरूची बाजू मांडतो. इथे समुद्राचीच सरशी चालली आहे!

भीमाशंकर अभयारण्य १९८५ चं, सुमारे १३१ चौरस किलोमीटर, आणि ते झालंच मुळात शेकरूसाठी. घरटी मोजताना मान दुखते. काटक्या आणि पानांचा गोल गठ्ठा, डोक्यावरच्या पागोट्याएवढा किंवा मोठा, आणि तो नेमका अशा बारीक फांदीच्या बेचक्यात जिथे बिबट्या किंवा रानमांजर गेलं तर फांदी मोडेल. एक शेकरू एकाहून जास्त घरटी बांधतं. पिल्लासाठी त्यातलं एक, बाकीची झोपायला आणि वेळप्रसंगी पळायला. म्हणून शंभर घरटी म्हणजे शंभर शेकरू नव्हे, आणि जुनं-सुकं घरटं कुठलं, हिरव्या पानांचं ताजं कुठलं, हे ओळखायला शिकावं लागतं.

पिल्लं एका वेळी एक, क्वचित दोन. त्यामुळे एक मादी गेली की ते नुकसान भरून यायला वेळ लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं, त्याला झाडं नुसती असून भागत नाही. झाडाला झाड लागलेलं हवं. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, वर वेलींची गुंफण. ती गुंफण तुटली, रस्ता रुंद झाला, मधली दोन झाडं गेली, की शेकरूला खाली उतरावं लागतं. आणि खाली कुत्री आहेत. मी एकदा देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला उभं राहून पाहिलंय. एक शेकरू फांदीच्या टोकापर्यंत यायचं, पलीकडे बघायचं, मागे जायचं. पुन्हा यायचं. दहा मिनिटं. शेवटी आल्या वाटेने परत गेलं. उडी लांब पडणार होती.

(काही जण शेकरूलाच उडणारी खार म्हणतात. ती वेगळी, रात्री फिरणारी. शेकरू दिवसाचं.)

---

सरळरेघ

मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. जुळवाजुळवीबद्दलचं मत कायम आहे. पण घाटमाथा आणि खाडीतोंड यांचं एकापाठोपाठ वाचल्यावर एक फरक दिसला, जो मी शिकवणीत नक्की वापरणार.

शेकरू दिसलं, वाढलं, तर समजायचं की वरची गुंफण अजून शाबूत आहे. म्हणूनच तो आपला राज्यप्राणी असण्याला अर्थ आहे. तो दिसला म्हणजे त्याच्यासोबत शेकडो जातींची झाडं, वेली, पाखरं टिकलेली असतात. नॉक्टिलुका थोडी दिसली तर समुद्र जिवंत आहे, पण फार वाढली तर काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता. एकाची संख्या वाढलेली बातमी आनंदाने सांगायची आणि दुसरीची वाढलेली बातमी जपून. "भरपूर दिसतंय म्हणजे बरं चाललंय" ही सवय मुलांना आपणच लावतो. तुलना केली नसती तर हे माझ्याही डोक्यात आलं नसतं.

---

खाडीतोंड

सरळरेघ, हे माझ्या मनातलं बोललात. पर्यटक विचारतात, "दादा, आज पाणी पेटणार का?" आता मी त्यांना दोन्ही सांगेन, गंमतही आणि धास्तीही.

---

नाचणी

आणि लेकीच्या प्रश्नाचं काय झालं? आई कुठे असते?

---

आगरवाट

नाचणी ताई, त्यासाठीच परत आलो.

पेशीपुराण ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं केलं. जानेवारीच्या अमावास्येला पुन्हा मुरूडला गेलो, खाडीतोंड दादांनी भरतीची वेळ कळवली होती. दोन बाटल्या पाणी आणलं आणि लेकीच्या शाळेतल्या बाईंनी प्रयोगशाळेतलं सूक्ष्मदर्शक वापरू दिलं. काचेवर दोन थेंब, सगळ्यात कमी ताकदीचं भिंग.

आधी काही दिसेना. मग एक गोल फुगा सरकत आला, पारदर्शक, भिजलेल्या साबुदाण्यासारखा, एका जागी खाच पडलेला, जर्दाळूला असते तशी. खाचेतून शुंडक बाहेर आलेलं आणि ते सावकाश वळत होतं, हत्ती सोंड फिरवतो तसं. आतले धागे दिसले, ताईंनी सांगितलेले. एका फुग्याच्या पोटात तपकिरी काडी होती, ते खाल्लेलं डायटम असावं असं बाई म्हणाल्या.

लेक बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "बाबा, ह्यात दोन चिकटलेल्या आहेत."

मी पाहिलं. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं काहीतरी. दोन फुगे, मध्ये अरुंद कंबर. बाईंनी पाहिलं आणि सांगितलं, हे द्विविभाजन. एकाची दोन होताहेत. (कधीकधी एका पेशीतून शेकडो बारीक पेशीही सुटतात, हेही त्यांनीच सांगितलं.)

लेकीने पुन्हा डोळा लावला. "मग ह्यातली आई कुठली?"

बाई म्हणाल्या, "दोन्ही. किंवा कुठलीच नाही. आई अर्धी-अर्धी होऊन दोन्हीत गेली."

"आणि आई मेली नाही?"

"नाही. मरायला मागे काही उरलंच नाही."

घरी येऊन तिने वहीत दोन चित्रं काढली. एका पानावर घरटं, त्यात शेकरूची आई आणि एक पिल्लू. समोरच्या पानावर आठाचा आकडा, त्यात दोन्हीकडे शुंडकं, आणि दोन्हींच्या खाली लिहिलंय, "आई".

उरलेलं पाणी टाकवेना, म्हणून पुढच्या रविवारी रेवदंड्याला जाणं होतं तेव्हा समुद्रात सोडून आलो.

---

खाडीतोंड

पुढच्या वेळी बाटली काठोकाठ भरू नका, वर थोडी हवा राहू द्या. आणि फेब्रुवारीत याल तर आधी फोन करा, तेव्हा ओहोटीची वेळ बघून आमच्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत जाता येईल.